पाटी लावल्यानंतर : प्रस्तावना

एम.डी. होऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरला छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की कुठला आवाज कुठल्या झडपेचा हे ओळखता येतं. गावातला माणूस आपल्या दवाखान्याची पायरी का चढेल, हे मात्र त्याला कुणीच शिकवलेलं नसतं. साडेपाच वर्षं एम.बी.बी.एस., पुढची तीन वर्षं रेसिडेन्सी, आणि या सगळ्या काळात पेशंट कुठून येतो हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो. सरकारी रुग्णालयात पेशंट असतोच. वॉर्ड भरलेला, ओपीडीची रांग जिन्यापर्यंत. मग तो तालुक्याच्या गावी गाळा भाड्याने घेतो, डिपॉझिट भरतो, ई.सी.जी. मशीन हप्त्यावर आणतो, पाटी लावतो, आणि पहिल्यांदा आयुष्यात रिकाम्या खुर्चीसमोर बसतो.

त्या रिकाम्या दुपारी त्याला सल्ला द्यायला बरेच जण येतात. औषध कंपनीचा एम.आर. सांगतो, आधी गावातल्या सगळ्या जी.पीं.ना भेटून या, रिकाम्या हाताने जाऊ नका. शेजारचा मेडिकलवाला सांगतो, पाटीचं अक्षर मोठं करा. पुण्याहून फोन येतो : महिन्याला अमुक रुपये द्या, गूगलवर तुम्हाला सगळ्यांच्या वर आणून ठेवतो. आणि एखादे ज्येष्ठ डॉक्टर खांद्यावर हात ठेवून म्हणतात, काम चांगलं कर, पेशंट आपोआप येईल. यांतला शेवटचा सल्ला सर्वांत सज्जन आहे आणि तोच सर्वांत अपुरा आहे. चांगलं काम आपोआप दिसत नाही. ज्याच्या घरी कुणी आजारी आहे त्याला हा डॉक्टर इथे आहे, या वेळेत भेटतो, एवढी फी घेतो आणि अमुक आजार बघतो, एवढं तरी कळायला हवं. ते कळवण्याची जबाबदारी कुणाची, हा या पुस्तकाचा विषय आहे. ती डॉक्टरचीच आहे असं माझं मत आहे. संकोच बाजूला ठेवून, पण काही मर्यादा जिवापाड सांभाळून, त्याने ती पार पाडावी म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

मर्यादांचं आधी सांगते, कारण त्या बहुतेकांना अर्धवट माहीत असतात. ‘डॉक्टरला जाहिरात करता येत नाही’ एवढंच प्रत्येकाने ऐकलेलं असतं. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ची आचारसंहिता मुळातून वाचली तर चित्र जास्त स्पष्ट आहे. पेशंट ओढून आणण्यासाठी प्रत्यक्ष किंवा आडून केलेलं आवाहन तिने अनैतिक ठरवलं आहे. लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचा फोटो छापणं हीदेखील स्वतःची जाहिरात मानली आहे. पाटी अवाजवी मोठी नको. तिच्यावर नाव, विद्यापीठाची किंवा कायदेशीर संस्थेची पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक आणि राज्य परिषदेचं नाव एवढंच हवं. औषधाच्या दुकानावर किंवा आपण जिथे राहत नाही, काम करत नाही तिथे आपली पाटी लावणंही अनुचित. आमच्या भागात एका सर्जनच्या पाट्या आठवडाभरात पाच गावांच्या मेडिकलवर दिसू लागतात. अशा पाट्या लावणाऱ्या बहुतेकांना आपण नियम मोडतो आहोत याची कल्पनाच नसते.

याच संहितेने काय करायला परवानगी दिली आहे, ते मात्र फारसं कुणी वाचत नाही. प्रॅक्टिस सुरू करताना वर्तमानपत्रात निवेदन देता येतं. प्रॅक्टिसचा प्रकार बदलला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी जाणार असाल, परत येऊन काम सुरू केलं, दुसऱ्याची प्रॅक्टिस चालवायला घेतली, या प्रत्येक वेळी देता येतं. आपली फी जाहीर करण्यासाठीही देता येतं. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लेख लिहिता येतो, व्याख्यान देता येतं, रेडिओ-टीव्हीवर बोलता येतं. अट इतकीच की त्याचा रोख ‘माझ्याकडे या’ असा नसावा. म्हणजे माहिती देण्याची वाट खुली आहे, याचना आणि आमिष यांची बंद आहे. फरक बारीक आहे, पण शुद्धीवर असलेल्या माणसाला तो कळतो. दिवाळीनंतर दमा का वाढतो यावर तालुक्याच्या साप्ताहिकात लिहिलेला लेख आणि ‘दमा मुळापासून बरा’ असं लिहिलेला फ्लेक्स यांत गल्लत होण्याचं काही कारण नाही. दुसऱ्या प्रकारासाठी तर १९५४चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदाही आहे. त्याच्या यादीतल्या आजारांवर औषधाचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा ठरतो. गर्भलिंगनिदानाची जाहिरात १९९४च्या कायद्याने बंद झाली. आणि त्या बाबतीत महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९८८ मध्येच, स्वतःचा कायदा केला होता, हे आपल्या राज्याने अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवी नियमावली काढली. समाजमाध्यमांवर डॉक्टरने कसं वागावं याचा त्यात सविस्तर भाग होता. लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, पेशंटची प्रशस्तिपत्रं टाकू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून आणि इतर काही कलमांवरून वाद उठला आणि २३ ऑगस्टला ती स्थगित झाली. तेव्हापासून पुन्हा २००२चीच संहिता लागू आहे. नियम थांबले असले तरी त्यामागचा विचार थांबवण्याचं कारण मला दिसत नाही, म्हणून या पुस्तकात मी समाजमाध्यमांबद्दल जे लिहिलं आहे ते त्या स्थगित भागाच्या जवळ जाणारं आहे.

इथे एका अन्यायाचा उल्लेख करायलाच हवा. राज्य परिषदेचा हात नोंदणीकृत डॉक्टरपर्यंत पोचतो, कंपनीच्या मालकीच्या रुग्णालयापर्यंत पोचत नाही. त्यामुळे महामार्गाच्या कडेला चाळीस फुटी होर्डिंगवर हसरे सर्जन दिसतात, आणि त्याच गावातला एकटा दवाखाना चालवणारा डॉक्टर आपल्या वेळा बदलल्याचं पत्रक वाटतानाही बिचकतो. नियमाचं सगळं ओझं लहान माणसावर पडलं आहे. याला उत्तर म्हणून लहान माणसानेही होर्डिंग लावावं असं मी म्हणणार नाही. त्याचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते त्याला दाखवून देणं हा माझा हेतू आहे.

जाहिरातीवरची ही बंदी आपल्याकडे आकाशातून पडली नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ साली आपल्या पहिल्याच आचारसंहितेत जाहिरात करणं वैद्याला कमीपणा आणणारं आहे असं म्हटलं. तो काळ बाटलीबंद रामबाण औषधांचा होता आणि शिकलेल्या डॉक्टरला त्या विक्रेत्यांपासून वेगळं उभं राहायचं होतं. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१२च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने धातुपौष्टिक गोळ्यांनी आणि सर्वरोगहारी अर्कांनी भरलेले असत. अमेरिकेत पुढे ही बंदी स्पर्धा मारते म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने असोसिएशनवर खटला केला, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयोगाच्या बाजूचा निर्णय कायम राहिला. तिथे आज टीव्हीवर डॉक्टर आपली जाहिरात करतो. आपल्याला त्या टोकाला जाण्याची गरज नाही. पण बंदीचा उद्देश पेशंटला फसवणुकीपासून वाचवणं हा होता, त्याला माहितीपासून दूर ठेवणं हा नव्हता, एवढं या इतिहासावरून दिसतं.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पुस्तक लिहावंसं वाटलं तिच्याकडे येते. आपल्याकडे वैद्यकीय व्यवसायाचा सर्वांत मोठा जाहिरातखर्च कुठल्याही फ्लेक्सवर होत नाही. तो पाकिटातून होतो. त्याचं नाव कट.

कट म्हणजे काय ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जी.पी. पेशंटला तपासणीला किंवा कन्सल्टंटकडे पाठवतो आणि बिलाचा काही भाग त्याच्याकडे परत येतो. शहरांतली मोठी रुग्णालयं यासाठी माणसं नेमतात. त्यांना पी.आर.ओ. म्हणतात किंवा नुसतं ‘मार्केटिंगवाले’. ते दुचाकीवरून दवाखाने फिरतात, वाढदिवस लक्षात ठेवतात, महिनाअखेरीला हिशेब पोचवतात. काही ठिकाणी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हरही या साखळीत असतो. समजा एखाद्या तपासणीचे पाच हजार घेतले आणि त्यातले दीड हजार पाठवणाऱ्याकडे गेले, तर ते दीड हजार कुणी भरले? बिलात त्याची वेगळी ओळ नसते. शेतमजुराने सोसायटीतून किंवा सावकाराकडून उचललेल्या पैशात ते मिसळलेले असतात. होर्डिंगचा खर्चही शेवटी पेशंटच्याच बिलातून निघतो, हे खरं. पण होर्डिंग निदान दिसतं. ते कुणी लावलं हे कळतं आणि त्याकडे पाठ फिरवता येते. कट पेशंटला दिसत नाही. ज्याच्यावर त्याने विश्वास टाकला त्याच माणसाच्या तोंडून ती जाहिरात सल्ला म्हणून येते, आणि म्हणून ती मला सगळ्या जाहिरातींत वाईट वाटते. शिवाय कटावर उभी राहिलेली प्रॅक्टिस गरज नसलेल्या तपासणीशिवाय आणि गरज नसलेल्या शस्त्रक्रियेशिवाय फार काळ चालत नाही, कारण पाकीट भरत राहावं लागतं.

हे मी एकटी म्हणते आहे असं नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी ‘साथी’ संस्थेच्या वतीने देशभरातल्या डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या आणि त्या ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ या नावाने मराठीत आल्या. पुढे डॉ. अभय शुक्ल यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीतही पुस्तक केलं. कट नाकारला म्हणून ज्यांच्याकडे पेशंट पाठवणं बंद झालं, अशा डॉक्टरांचा एकटेपणा त्यात उघड झाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे एका तपासणी केंद्राकडून रेफरलचा चेक आला, तेव्हा त्यांनी सरळ मेडिकल कौन्सिलकडे तक्रार नेली. २०१७ मध्ये मुंबईतल्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही अशा अर्थाची होर्डिंगं लावली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेतून नाराजी उमटली. त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कटप्रतिबंधक कायद्याचा मसुदा तयार करवला. तो मसुदाच राहिला. २००२च्या संहितेने कमिशन देणं-घेणं निषिद्ध केलेलं आहेच, पण दोन्ही बाजू खूश असलेल्या व्यवहारात तक्रार करणार कोण?

म्हणून नव्या डॉक्टरला माझं पहिलं सांगणं हे की, कट न देता प्रॅक्टिस उभी करायची असेल तर पेशंटशी थेट नातं जोडण्याचं शास्त्र शिकावंच लागेल. कटाला नकार देऊन स्वस्थ बसलेला प्रामाणिक डॉक्टर दोन वर्षांत कर्जाखाली वाकतो आणि मग कुठल्या तरी कॉर्पोरेट रुग्णालयात टार्गेटवर नोकरी धरतो. असं होताना मी पाहिलं आहे आणि दर वेळी मला वाटलं आहे की आपण त्या मुलाला, त्या मुलीला वेळेवर काही सांगायला हवं होतं.

हे शास्त्र कुठे शिकायचं? मार्केटिंगच्या पुस्तकांत मला ते फारसं सापडलं नाही. ते सापडलं गडचिरोलीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासींना रुग्णालय नकोसं का वाटतं हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं मिळाली ती कुठल्याही सल्लागार कंपनीला सुचली नसती. मोठ्या इमारतीत शिरलं की हरवायला होतं. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि पांढऱ्यात तर आम्ही प्रेत गुंडाळतो. नातेवाइकांना बाहेर काढतात, मग आजारी माणसाने एकट्याने कसं राहायचं? या उत्तरांवरून ‘सर्च’च्या शोधग्रामात जे रुग्णालय उभं राहिलं ते झोपड्यांच्या पाड्यासारखं दिसतं. नातेवाईक पेशंटजवळ राहतात आणि रुग्णालयाला नाव आहे माँ दंतेश्वरीचं. देवीच्या नावाने तिथे पेशंट आला आणि येत राहिला. पेशंट का येत नाही, हे त्याला विचारणं आणि उत्तर मिळाल्यावर स्वतः बदलणं, यापलीकडे वैद्यकीय मार्केटिंगचा दुसरा गाभा मला माहीत नाही.

हेमलकशाची गोष्ट तर घराघरांत माहीत आहे. १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा माडिया माणसं डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. भगतावर विश्वास, परक्या माणसाची भीती आणि भाषेची अडचण. त्या दोघांनी माडिया भाषा शिकली, वाट पाहिली. आशा सोडलेले काही रुग्ण बरे होऊन आपल्या पायांनी घरी गेले, तेव्हा बातमी जंगलातून पसरली आणि माणसं दोन-दोन दिवस चालत येऊ लागली. भाषा शिकण्याचा हा मुद्दा तालुक्याच्या गावालाही लागू आहे. पेशंट ‘काळीज धडधडतंय’ म्हणतो, ‘हातापायाला मुंग्या येत्यात’ म्हणतो, ‘पोटात गोळा उठतोय’ म्हणतो. ते ऐकून घेऊन त्याच भाषेत त्याला उत्तर देणाऱ्या डॉक्टरबद्दल तो घरी जाऊन चार माणसांना सांगतो. ‘डॉक्टरच्या हाताला गुण आहे’ असं गाव म्हणतं तेव्हा त्या गुणातला बराच भाग कानाचा असतो.

आणि पुन्हा महाड. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने हृदय निकामी होऊन गंभीर अवस्थेत आलेल्या रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत. बावस्करांनी एकेक पेशंट रात्ररात्र उशाशी बसून पाहिला, नोंदी ठेवल्या, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषावर लागू पडतं हे दाखवलं आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे ज्ञान त्यांनी आपल्या दवाखान्यापुरतं ठेवलं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवलं. स्पर्धेच्या भाषेत बोलायचं तर आपले पेशंट त्यांनी स्वतः वाटून टाकले. तरीही महाडच्या दवाखान्याचं नाव रायगडभर झालं आणि पुढे जगात गेलं. एखाद्या भागातला एक आजार आपलासा करणं, त्याच्यावर इतरांपेक्षा खोल काम करणं आणि ते वाटणं, हे डॉक्टरच्या नावाचं सर्वांत टिकाऊ भांडवल आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यात सर्पदंश, यंत्रमागाच्या गावात छातीचे आजार, गोव्याच्या किनाऱ्यावर आणि कोकणात पावसाळ्यातला लेप्टो. जो जिथे बसला आहे त्याने आपल्या गावाचं दुखणं ओळखावं.

या मोठ्या माणसांची उदाहरणं दिली की नवे डॉक्टर म्हणतात, आम्ही गडचिरोलीला जाणार नाही, आम्हाला बारामतीत किंवा नाशिकरोडला दवाखाना चालवायचा आहे. त्यांचं बरोबर आहे. या पुस्तकाचा बराच भाग त्यांच्याचसाठी, अगदी रोजच्या गोष्टींवर खर्च केला आहे. कारण पेशंट तुटतो तो रोजच्याच गोष्टींत.

दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि तुम्ही गुडघ्यांचे डॉक्टर आहात. आठवडी बाजार बुधवारी भरतो, आजूबाजूच्या वीस गावांची माणसं त्या दिवशी येतात आणि तुमची साप्ताहिक सुट्टी बुधवारीच आहे. शेवटची एस.टी. साडेसहाला जाते आणि तुमची संध्याकाळची ओपीडी सहाला सुरू होते. पाटीवर दहा वाजता असं लिहिलंय आणि तुम्ही साडेअकराला येता. बाई पोटाचं दुखणं सांगायला आली आहे, तपासणीच्या टेबलाला पडदा नाही आणि दारात तिसऱ्या नंबरचा पेशंट उभा आहे. फोन रिसेप्शनिस्ट उचलते पण ‘या मग’ एवढंच सांगून ठेवते. फी किती ते आधी कुणी सांगत नाही, त्यामुळे माणूस खिशातले पैसे चाचपत रांगेत बसतो आणि नंबर यायच्या आत उठून जातो. संहितेने फी सेवेच्या आधी सांगावी असं म्हटलंच आहे आणि राज्याच्या नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली आहे. दर लावल्याने पेशंट पळेल ही भीती मला उलटी वाटते. न कळलेला दर त्याला जास्त घाबरवतो.

औषध लिहून दिल्यावरचं एक मिनिट मला पूर्ण भेटीत सगळ्यांत मोलाचं वाटतं. कुठली गोळी कशासाठी, किती दिवस, काय झालं तर लगेच परत यायचं. हे चिठ्ठीमागे मराठीत लिहून द्यावं. पेशंट घरी गेल्यावर ती चिठ्ठी सून वाचते, मुलगा वाचतो, शेजारीण वाचते. त्या घरात तुमचं नाव राहतं ते या चिठ्ठीमुळे.

नवे पेशंट आणण्याच्या नादात जुना पेशंट कधी गळाला हे कुणाच्या लक्षातच येत नाही, हा मला आढळलेला सर्वांत सार्वत्रिक दोष आहे. मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा पेशंट तीन महिने आला नाही तर तो बरा झालेला नसतो. त्याने गोळी बंद केलेली असते आणि एके दिवशी तो अर्धांगवायू घेऊन दुसऱ्या कुठल्या तरी रुग्णालयात जातो. त्याला फोन करून ‘काका, गोळी चालू आहे ना’ असं विचारणं म्हणजे पेशंट ओढणं की उपचार करणं? मी ते उपचारात धरते. फक्त पहिल्या भेटीतच ‘तुम्हाला फोन केला तर चालेल का’ हे विचारून केसपेपरवर लिहून ठेवावं.

इंटरनेटबद्दल एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. पंचविशीतला मुलगा आईला दाखवायचं तर आधी फोनमध्ये बघतो, हे आता खेड्यातही खरं आहे. तेव्हा नकाशावरची खूण योग्य जागी असावी, वेळा खऱ्या असाव्यात, सुट्टी असेल तर तिथे कळावी, पदवी संपूर्ण आणि खरी लिहिलेली असावी. बहुतेक दवाखान्यांचं इंटरनेटवरचं काम इथेच संपतं, आणि ते स्वतःला फुकट करता येतं. पेशंटनी लिहिलेल्या अभिप्रायांवर मात्र फार सांभाळून वागावं लागतं. वाईट अभिप्राय आला की डॉक्टर रागाच्या भरात उत्तर लिहितो, ‘तुमची शुगर चारशे होती आणि तुम्ही पथ्य पाळलं नाही’. त्या क्षणी त्याने पेशंटचं गुपित चारचौघांत फोडलेलं असतं. उत्तर द्यायचं तर इतकंच : आपल्याला त्रास झाला याचं वाईट वाटतं, कृपया दवाखान्यात येऊन किंवा फोनवर बोला. विकत घेतलेले पाच तारे, ओळखीच्यांकडून लिहवून घेतलेली स्तुती यांना या पुस्तकात जागा नाही. शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे फोटो, बाळाला हातात धरून काढलेले रील, यांबद्दल मी कठोर आहे. बेडवरचा माणूस परवानगी देतो तेव्हा तो नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला देणाऱ्यांसाठी मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनीही जाहिरात किंवा आमिष दाखवून पेशंट मिळवू नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

शिबिरांचा विषय मला थोडा लांबवावासा वाटतो, कारण आपल्याकडे प्रॅक्टिस वाढवायची म्हणजे मोफत शिबिर घ्यायचं हे समीकरणच झालं आहे. गणेश मंडळाच्या मांडवात टेबल टाकतात, बोटाला सुई टोचतात, शुगर बघतात, दोनशे माणसांना आकडा सांगतात आणि संध्याकाळी मांडव रिकामा होतो. ज्या बाईची शुगर दोनशे ऐंशी निघाली तिचं पुढे काय झालं, हे कुणालाच माहीत नसतं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने याचा फार प्रामाणिक विचार केला आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये अकरा खाटांनी ते सुरू केलं आणि गावोगावच्या शिबिरांतून लाखो माणसांना शस्त्रक्रियेपर्यंत आणलं. शस्त्रक्रिया फुकट असली तरी बसभाडं, जेवण आणि सोबतीला कोण येणार या अडचणींमुळे माणसं येत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी ने-आण आणि जेवणही आपल्याकडे घेतलं. तरीही पुढच्या अभ्यासात दिसलं की डोळ्यांच्या उपचारांची गरज असलेल्यांपैकी सुमारे सात टक्केच माणसं शिबिराला येतात. हा आकडा त्यांनी लपवला नाही. गावातच कायमची लहान दृष्टिकेंद्रं उघडली. शिबिराची गर्दी पाहून हुरळून जाण्यापेक्षा न आलेल्या माणसाचा विचार करणं हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. म्हणून माझा आग्रह आहे की पुढच्या तीन महिन्यांची सोय केल्याशिवाय शिबिर घेऊ नये. कुणाला बोलवायचं, कुठल्या दिवशी, सरकारी रुग्णालयात कुणाला पाठवायचं, तिथे कुणाशी बोलून ठेवायचं, हे आधी ठरावं. पन्नास माणसांचं असं शिबिर दोनशेंच्या मांडवापेक्षा मला कितीतरी जास्त मोलाचं वाटतं.

जी.पी. आणि कन्सल्टंट यांच्यातल्या नात्याबद्दल शेवटून दुसरं प्रकरण आहे. कट नाही म्हटल्यावर हे नातं कशावर उभं राहणार, असा प्रश्न विचारला जातो. पत्रावर उभं राहील, असं माझं उत्तर आहे. ज्या जी.पी.ने पेशंट पाठवला त्याला त्याच दिवशी सविस्तर पत्र जावं : काय आढळलं, काय दिलं, पुढे तुम्ही काय बघावं. आणि पेशंट त्याच्याकडेच परत पाठवावा. कन्सल्टंटने पेशंट स्वतःकडे अडकवून ठेवला ही जी.पीं.ची सर्वांत जुनी तक्रार आहे आणि ती पैशांपेक्षा खोल जाते. ज्याचा पेशंट सुखरूप आणि माहितीसह परत येतो तो जी.पी. पुन्हा पाठवतो. सगळे पाठवतील असं मी म्हणत नाही. काही जण पाकिटाशिवाय पाठवणार नाहीत आणि त्यांचे पेशंट आपले नाहीत हे मान्य करून खर्चाचा हिशेब त्याप्रमाणे मांडावा. यंत्रं उशिरा घ्यावीत, गाळा लहान घ्यावा, पहिली तीन वर्षं कर्ज कमी ठेवावं. ज्याचा हप्ता मोठा त्याचा नकार लवकर डळमळतो, म्हणून अर्थकारणाचं प्रकरण मी मुद्दाम सुरुवातीलाच ठेवलं आहे.

पुस्तकात जाहिरात कंपन्यांचे दर नाहीत, फेसबुकवर पैसे भरून पोस्ट कशी पुढे ढकलायची याची कृती नाही. ती माहिती हवी असणाऱ्यांना सहज मिळते. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणाअखेरीला दवाखान्यात लगेच करून बघता येईल असं एक काम दिलं आहे. पहिल्या प्रकरणाचं काम सर्वांत सोपं आहे. केसपेपरवर नाव, वय, गाव यांच्या खाली एक रकाना वाढवायचा : ‘कोणी सांगितलं?’ कंपाउंडरने किंवा रिसेप्शनिस्टने प्रत्येक नव्या पेशंटला तो विचारायचा आणि जसं उत्तर येईल तसं लिहायचं. ‘पाटी बघून’, ‘फोनमध्ये बघून’, ‘देशमुख डॉक्टरांनी पाठवलं’, ‘मागच्या महिन्यात आमच्या जावेला बरं वाटलं म्हणून’. महिन्याच्या शेवटी ते कागद घेऊन बसायचं आणि मोजायचं. कुठल्या गावाहून कुणीच आलं नाही तेही बघायचं. पुढची प्रकरणं त्या कागदांजवळ बसून वाचावीत, अशी माझी वाचकांना विनंती आहे.